पहाटे ३ वाजून ४० मिनिटांचं बिल

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलले तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेच गाळलेत.)



आज आपण कॉम्प्युटरच्या घड्याळाबद्दल बोलणार आहोत. स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात असतं ना, ते. बरेच जण विचारतात, "ताई, माझ्या पीसीचं घड्याळ रोज चुकतं, काय करू?" कुठेही विचारा, उत्तर एकच मिळतं: सेल बदल. कधी ते बरोबर असतं, कधी साफ चुकीचं. चुकीचं असतं तेव्हा काय होऊ शकतं ते मी आमच्याच दुकानात बघितलंय, आणि त्यात दोष माझा होता. म्हणून आधी गोष्ट, मग दुरुस्ती. फक्त दुरुस्ती हवी असेल त्यांनीही गोष्ट ऐका, कारण निदान कसं करायचं ते त्या गोष्टीतच आहे.

बार्शीत आमचं हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. वायर, पाइप, नळ, खिळे, रंग, सगळं. ही गोष्ट २०१८ सालची. मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. दुकानात आण्णा कामाला आहेत. नात्यातले नाहीत, पण मी चौथीत असल्यापासून ते दुकानात आहेत. दुकानाच्या दोन चाव्या, एक पप्पांकडे, एक आण्णांकडे. सकाळी नऊला आण्णा शटर उघडायचे, झाडू मारायचे, उदबत्ती लावायचे आणि बिलं करायला बसायचे. पप्पा गोडाऊनला चक्कर मारून अकराला यायचे.

फेब्रुवारीत आमच्या सीएंकडचा मुलगा बिलांची यादी तपासत होता. त्याने पप्पांना सहज विचारलं, "काका, तुम्ही पहाटे दुकान उघडता का?" पप्पा म्हणाले, "वेडा आहेस का?" त्याने यादी दाखवली. एका मंगळवारी पहिलं बिल पहाटे ३ वाजून ४० मिनिटांचं. दुसरं ३:५५. तिसरं ४:२०. आणि चौथं एकदम सकाळी १०:५२. तसेच आणखी चार-पाच दिवस सापडले.

त्याच महिन्यात स्टॉकमध्ये वायरची दोन बंडलं कमी भरली होती.

आता तुम्हीच सांगा, माणसाच्या डोक्यात काय येईल? पहाटे दुकान उघडू शकेल असा चावी असलेला माणूस एकच. पप्पांनी आण्णांना विचारलं. आण्णा म्हणाले, "मालक, पहाटे कोण येतंय? घड्याळ चुकतं. कधी कधी सकाळी लावलं की मागेच असतं. मग मी मोबाइलमध्ये बघून दुरुस्त करतो."

खरं सांगितलं त्यांनी. पण पप्पांनी ते कसं ऐकलं? "म्हणजे बिलांच्या वेळा तू बदलतोस."

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कॅबिनेट उघडलं, सेल बदलला, पैसे घेतले, गेला. चार दिवसांनी पुन्हा सकाळी घड्याळ मागे. तो पुन्हा आला, दुसरा सेल टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाला, "सेल नवा आहे, बोर्ड चांगला आहे. कुणीतरी हाताने बदलत असेल तरच असं होतं." ते तो आण्णांसमोरच म्हणाला. त्या रात्री पप्पांनी आण्णांकडून चावी मागून घेतली. भांडण नाही, आवाज नाही. "चावी राहू दे माझ्याकडे," एवढंच. आण्णांनी कडीतून चावी काढून काउंटरवर ठेवली आणि जेवायला घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून आण्णा नऊला येऊन दुकानाच्या पायरीवर बसायचे. शेजारचे विचारायचे, "काय आण्णा, आज बाहेर?" ते म्हणायचे, "मालक येतायत."

मला ते बघवत नव्हतं. मी ठरवलं की हे घड्याळ का चुकतं ते शोधायचंच. तेव्हा मला वाटत होतं मी आण्णांना वाचवायला निघालेय.

आता दोन मिनिटं घड्याळाबद्दल, म्हणजे पुढचं समजेल.

कॉम्प्युटरमध्ये एक घड्याळ नसतं, दोन असतात. पहिलं मदरबोर्डवर असतं. त्याला आरटीसी म्हणतात, रिअल टाइम क्लॉक. मशीन बंद असली तरी ते चालू राहतं, कारण त्याच्याजवळ तो रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. ३ व्होल्टचा लिथियम सेल. या घड्याळाचं काळीज म्हणजे क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो म्हणजे २चा १५वा घात. अर्धं करा, पुन्हा अर्धं करा, असं १५ वेळा केलं की बरोबर १ उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका. तुमच्या मनगटावरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातही बहुधा हाच आकडा चालतो.

दुसरं घड्याळ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचं, विंडोजचं किंवा लिनक्सचं. मशीन चालू होताना सिस्टिम पहिल्या घड्याळाकडे एकदा बघते, "किती वाजले?" असं विचारते आणि पुढे स्वतःचं मोजायला लागते. इंटरनेट असेल तर अधूनमधून बाहेरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारून चूक दुरुस्त करते. ही विचारण्याची जी पद्धत आहे तिला एनटीपी म्हणतात. अमेरिकेतले संशोधक डेव्हिड मिल्स यांनी ती १९८०च्या दशकात तयार केली आणि आज जगभरातले कॉम्प्युटर तिच्यावर वेळ जुळवतात.

तर दोन घड्याळं आणि एक बाहेरचा पंच. घड्याळ चुकलं म्हणजे या तिघांपैकी कुणाचं तरी बिनसलंय, किंवा त्यांच्यात गैरसमज झालाय. आणि कुणाचं बिनसलंय ते चुकीच्या आकड्यावरून ओळखता येतं. फरक किती आहे ते मोजायचं, एवढंच. आमच्या दुकानात तीन आठवडे सगळ्यांनी सगळं केलं, पण फरक मात्र कुणी मोजला नव्हता.

मी एक जुनी शंभर पानी वही घेतली. पाच रकाने आखले. तारीख, मोबाइलची वेळ, विंडोजमधली वेळ, बायोसमधली वेळ आणि आदल्या रात्री मशीन कुणी बंद केली.

बायोसचा रकाना महत्त्वाचा. मशीन चालू केल्या केल्या डिलीट किंवा एफ २ दाबत राहिलं की एक निळी किंवा काळी स्क्रीन येते, तिथे सेटिंग असतात. काही कंपन्यांची बटणं वेगळी असतात. तिथे जी वेळ दिसते ती थेट मदरबोर्डच्या घड्याळाची. विंडोज अजून जागंच झालेलं नसतं. त्यामुळे तिथे वेळ बरोबर असेल आणि विंडोजमध्ये चूक, तर दोष विंडोजच्या सेटिंगमध्ये. तिथेच चूक असेल तर एक तर सेल गेला, किंवा कुणीतरी त्या घड्याळात चुकीची वेळ लिहून ठेवली.

आणि शेवटचा रकाना, "कुणी बंद केली", तो मी खरं तर पप्पांना दाखवायला आखला होता. आण्णांचं नाव नसलेल्या दिवशीही घड्याळ चुकतं हे दिसलं की विषय संपला, असं मला वाटत होतं.

बारा दिवस मी रोज सकाळी पप्पांबरोबर दुकानात गेले, नोंद केली आणि मग एसटी पकडून कॉलेजला. बारापैकी पाच दिवस घड्याळ चुकलेलं होतं. पाचही दिवस बायोसमध्येच चूक. आता फरक ऐका. पहिल्या दिवशी ५ तास ३० मिनिटं मागे. दुसऱ्या वेळी ५ तास ३० मिनिटं मागे. तिसऱ्या वेळी, चौथ्या वेळी, पाचव्या वेळी तेच. दोन-चार सेकंद इकडेतिकडे.

सेल संपला की घड्याळ असं मोजूनमापून मागे जात नाही. आणि हाताने कुणी लबाडी करत असेल तर तोही रोज बरोबर साडेपाच तास मागे कशाला नेईल?

साडेपाच तास हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या, यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशावरून ती ठरते, जो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. म्हणजे मदरबोर्डच्या घड्याळात कुणीतरी भारताची वेळ न लिहिता यूटीसी लिहीत होतं.

आणि शेवटचा रकाना? पाचही रात्री मशीन बंद करणारं नाव एकच होतं. माझं.

सांगते. संध्याकाळी पप्पा गल्ला मोजून बँकेची पिशवी घेऊन घरी जायचे, आण्णा माल आत घ्यायचे आणि साडेआठ ते साडेनऊ मी दुकानात बसायचे. आठवड्यातून दोन-तीन दिवस. अभ्यास करते म्हणायचे. माझ्याकडे एक पेनड्राइव्ह होता, त्यात लिनक्स टाकलेलं. पेनड्राइव्ह लावायचा, त्यावरून मशीन चालू करायची, मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा आणि शिकत बसायचं. विंडोजला हातही लावायचा नाही. काम झालं की पेनड्राइव्ह काढून खिशात. घरी कुणाला माहीत नव्हतं, कारण पप्पांनी बजावून ठेवलं होतं, "दुकानाच्या मशीनशी खेळ नको." मला खात्री होती की मी कसलाच माग ठेवत नाही.

आता बघा काय होत होतं. विंडोज समजतं की मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे. डॉसच्या जमान्यापासूनची ती सवय आहे. लिनक्स सहसा समजतं की तिथे यूटीसी आहे. दोघंही आपापल्या जागी शहाणे. पण एकाच घड्याळात दोघं लिहायला लागले की घोळ.

माझं लिनक्स हॉटस्पॉटवरून खरी वेळ घ्यायचं आणि मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहून ठेवायचं. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, तर तिथे दुपारचे चार. सकाळी आण्णा ९ वाजून १० मिनिटांनी पहिलं बिल करायचे. विंडोज त्या घड्याळात बघायचं, ३:४०, आणि म्हणायचं, पहाटेचे ३:४० झालेत. तारीख तीच, म्हणून चटकन शंकाही येत नाही. दुकानाच्या विंडोजला इंटरनेट नव्हतंच, त्यामुळे बाहेरचा पंचही नाही. मग कधीतरी आण्णांचं लक्ष जायचं, ते हाताने दुरुस्त करायचे, आणि चौथं बिल १०:५२चं.

एक खूण मला आधीच दिसली होती. लिनक्स सुरू झाल्यावर कधी कधी पहिली काही सेकंदं रात्रीचे दोन वाजलेले दिसायचे. साडेआठ अधिक साडेपाच, दोन. हॉटस्पॉट जोडला की लगेच बरोबर व्हायचं. मी म्हणायचे, चला, झालं बरोबर. माझ्यासमोर बरोबर झालं, एवढं मला पुरत होतं.

तुम्हाला एक गंमत सांगू? एकाच जागी दोन वेळा वापरल्या की काय होतं याचा अनुभव मुंबईने घेतलाय. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण मुंबईने आपली जुनी "बॉम्बे टाइम" सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि १९५५ पर्यंत शहरात टिकून राहिली. रेल्वेचं घड्याळ एक सांगणार, शहरातलं दुसरं. दोन्ही घड्याळं बिघडलेली नव्हती. फक्त कोण कुठली वेळ सांगतंय हे माहीत असायला हवं होतं. आमच्या मदरबोर्डवर नेमकं तेच झालं.

मग मला कळल्यावर मी काय केलं? इथे मी तुम्हाला हिरोगिरी सांगणार नाहीये. मी दोन दिवस गप्प बसले. पेनड्राइव्ह कपाटात ठेवला आणि विचार केला की आता मी लिनक्स लावणारच नाही, घड्याळ आपोआप बरोबर राहील, पंधरा दिवसांनी सगळे विसरतील. घड्याळ खरंच बरोबर राहिलं. पण चावी पप्पांच्या खिशातच होती आणि आण्णा पायरीवरच. उलट झालं असं, की दुसऱ्या दिवशी पप्पा आईला म्हणाले, "चावी घेतल्यापासून घड्याळ सुधारायला लागलंय बघ."

ते वाक्य ऐकलं आणि मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही आणि पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेले. पप्पा आणि आण्णा दोघांसमोर सांगितलं. नुसतं सांगून भागलं नसतं, म्हणून करून दाखवलं. लिनक्स लावलं, बंद केलं, विंडोज लावलं. सकाळचे पावणेदहा वाजले होते, स्क्रीनवर सव्वाचार. पप्पांनी मोबाइल बघितला, स्क्रीन बघितली, पुन्हा मोबाइल बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून चावी काढून आण्णांच्या समोर ठेवली. आण्णा म्हणाले, "मी सांगत होतो की, घड्याळ चुकतंय म्हणून." तेवढंच. मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाले, "शिकणाऱ्याच्या हातून होतंच. पण पोरी, दोन दिवस आधी सांगायचंस." मी त्यांना दोन दिवसांचं काही बोलले नव्हते. वहीतल्या शेवटच्या नोंदीची तारीख त्यांनी वाचली होती.

वायरच्या दोन बंडलांचा हिशोब अजून जुळलेला नाही. हार्डवेअरच्या दुकानात तसा तो पूर्ण कधीच जुळत नाही.

चला, आता तुमच्या मशीनकडे वळू. घड्याळ चुकलं की सेल बदलायला पळू नका. आधी तीन-चार दिवस मोबाइलशी ताडून फरक लिहून काढा. मोबाइलमध्ये ऑटोमॅटिक वेळ चालू आहे ना, ते आधी बघा. ज्यांनी गेममध्ये लाइफ लवकर मिळाव्यात म्हणून मोबाइलची तारीख पुढे ढकललीय, त्यांनी ती आधी परत आणा. हसू नका, ओळखते मी तुम्हाला!

फरक लिहिला की तो यापैकी कुठल्या प्रकारात बसतो ते बघा.

पहिला प्रकार: तारीखच उडते. मशीन बंद करून पुन्हा लावली की एकदम जुनं साल, १ जानेवारी वगैरे. किंवा काल रात्री जिथे बंद केली त्याच वेळेला घड्याळ अडकलेलं. हा सेल. इथे सेल बदलणं हेच उत्तर. खात्री करायची असेल तर बायोसमध्ये वेळ बरोबर लावा, मशीन बंद करा, प्लग काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी थेट बायोसमध्येच वेळ बघा. मल्टिमीटर असेल तर सेल मोजा. नवा सेल ३ व्होल्ट किंवा थोडा जास्त दाखवतो. २.७च्या आसपास आला असेल तर बदलून टाका.

यात आपल्याकडची एक सवय लक्षात घ्या. आपण रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो. प्लग चालू असतो तेव्हा डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय मशीन बंद असतानाही थोडी वीज देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं, सेल खर्च होत नाही. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. बटण बंद करणं चूक नाही, वीज पडायच्या दिवसांत तर करावंच. फक्त आपल्याकडे सेल लवकर संपतो त्याचं हे एक कारण.

सेल बदलताना प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि लिहिलेली अधिक खुणेची बाजू वर ठेवा. लॅपटॉप असेल तर स्वतः उघडू नका. काहींमध्ये हा सेल वायरला जोडलेला असतो, काहींमध्ये वेगळा सेल नसतोच. ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर मशीन नंतर तीच मागत बसेल. आणि जुना सेल टेबलावर टाकून ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर घशात काही तासांत गंभीर इजा होते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

दुसरा प्रकार: फरक गोल आकड्याचा आणि रोज तोच. बरोबर साडेपाच तास? मग एक तर टाइम झोन यूटीसीवर आहे, किंवा माझ्यासारखं विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर नांदतंय. बरोबर १५ मिनिटं पुढे? कुणीतरी काठमांडू निवडलंय, नेपाळची वेळ आपल्या १५ मिनिटं पुढे असते. अर्धा तास मागे? कराची किंवा इस्लामाबाद निवडलं गेलंय. बरोबर १२ तास? एएम-पीएमचा घोळ. यातल्या कशालाच सेल लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम उघडा. टाइम झोनच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं एकत्र लिहिलेलं आहे, ते निवडा. लिनक्समध्ये एशिया-कोलकाता.

आणि विंडोज-लिनक्स दोन्ही असेल तर दोघांपैकी एकाला दुसऱ्याची भाषा शिकवा. सोपा मार्ग लिनक्सच्या बाजूने आहे. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही आज्ञा, सगळं जोडून, मग जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी आणि शेवटी १. मी हेच केलं. लिनक्स त्यावर इशारा देतं की स्थानिक वेळ ठेवणं तितकंसं बरं नाही, कारण काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकवतात. आपल्याकडे ती भानगड नाही. जमत असेल त्याने उलट विंडोजलाच यूटीसी वापरायला लावावं. पण त्यासाठी रजिस्ट्रीत हात घालावा लागतो, म्हणून माहितगार जवळ असल्याशिवाय नको.

तिसरा प्रकार: घड्याळ हळूहळू सरकतं. आज दोन सेकंद, महिन्याने मिनिटभर. हा बिघाडच नाही! असे स्फटिक बहुतेकदा दहा लाखात २० इतक्या चुकीची मुभा ठेवून बनवलेले असतात. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला पन्नासेक सेकंद. शिवाय हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास बरोबर चालतो. त्याहून गरम झाला तरी मंदावतो, गार झाला तरी मंदावतो. बार्शीच्या मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात तो मंदावणारच. याला औषध म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवणं. त्याच डेट अँड टाइममध्ये "सेट टाइम ऑटोमॅटिकली" चालू करा आणि "सिंक नाऊ" दाबा. घरगुती विंडोज अधूनमधूनच स्वतःहून विचारतं, त्यामुळे आधी दोन-चार सेकंद चुकलं तर घाबरू नका. भारतातला सर्व्हर हवा असेल तर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, जी देशाची प्रमाणवेळ सांभाळते, तिचा सर्व्हर आहे: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी.

चौथा प्रकार: सिंक होतच नाही. घड्याळ खूप लांब गेलं असेल, समजा दोन वर्षं मागे, तर विंडोज वेळ जुळवायला नकार देऊ शकतं. त्याला वाटतं, एवढा मोठा फरक म्हणजे समोरचाच खोटं बोलतोय. अशा वेळी आधी हाताने तारीख-वेळ साधारण बरोबर लावा, मग सिंक करा. तरीही नाही झालं तर सर्व्हिसेसच्या यादीत "विंडोज टाइम" बंद पडलंय का ते बघा.

आता कुणी म्हणेल, पीसीच्या घड्याळाकडे बघतो कोण, हातात मोबाइल आहे. पण तुम्ही बघत नसलात तरी मशीन बघत असते. ब्राउझर एखादी साइट उघडतो तेव्हा तिच्या प्रमाणपत्राची मुदत तुमच्या घड्याळाशी ताडून बघतो. तारीख दोन वर्षं मागे असेल तर चांगली साइटही "सुरक्षित नाही" म्हणून अडवतो. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी असं झालं तर नेटला शिव्या देण्याआधी तारीख बघा. ऑथेंटिकेटर ॲपमधले सहा आकडी कोड सहसा दर ३० सेकंदांनी वेळेवरूनच तयार होतात. मोबाइलचं घड्याळ दोन-तीन मिनिटं चुकलं की बरोबर कोडही चुकीचा ठरतो. फाइल कधी बदलली, मेल कधी लिहिला, बिल कधी झालं, सगळ्यावर त्या कोपऱ्यातल्या घड्याळाचा शिक्का असतो. आणि छापलेली वेळ दिसली की आपण माणसापेक्षा तिच्यावर पटकन विश्वास ठेवतो. आमच्या घरी तेच झालं. आण्णा रोज तोंडाने सांगत होते आणि आम्ही कागद वाचत होतो.

म्हणून आजच्या भागातून एवढं घेऊन जा: आधी फरक मोजा, तीन-चार दिवस लिहून काढा, मग सेलवर बोट ठेवा. माणसावर ठेवायची घाई तर नकोच.

दुकानात आता इंटरनेट आहे, घड्याळ आपोआप जुळतं. तरी माझी ती वही आण्णांनी परत दिली नाही. अजून रोज सकाळी शटर उघडलं की ते त्यात दोन आकडे लिहितात, मोबाइलची वेळ आणि कॉम्प्युटरची वेळ. गेल्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हा चौथी वही चालू होती. मी म्हटलं, "आण्णा, आता कशाला?" ते म्हणाले, "राहू दे. विचारलं कुणी तर दाखवायला."

तुमच्या मशीनचा फरक कितीचा निघाला ते मला नक्की कळवा. नुसतं "घड्याळ चुकतं" लिहू नका, आकडा लिहा!

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.